कानस लावण्याआधी

बिननालाच्या घोड्याचे खूर छाटायला बसलं की हात आधी चाकूकडे जातो. तो आवरायचा. आधी घोडा चालताना पाहायचा. माझी घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतून आली तेव्हा तिच्या चारी पायांत नाल होते. ते काढल्याला तीन पावसाळे झाले. दर ५-६ आठवड्यांनी तिचे खूर घासतो, आणि दर वेळी मोतद्दाराला म्हणतो, "दादा, हिला फरशीवरून सरळ माझ्याकडे आणा." मी उकिडवा बसून फक्त पाय बघतो. चांगला पाय टाचेवर किंवा सपाट टेकतो. टोक आधी टेकत असेल, तर घोडा टाच वाचवतोय. तिथे काहीतरी दुखतंय, आणि ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी बघायची. एरवी ती जेमतेम लागते. ठणठण उडत असेल आणि खूरही गरम असेल, तर कानस खाली ठेवायची आणि पशुवैद्याला बोलवायचं. खुराच्या आत हाडाला भिंतीशी बांधून ठेवणारे पापुद्रे सुजले असण्याची शक्यता असते, आणि त्यात दिवस घालवणं घोड्याच्या जिवावर बेतू शकतं.

खुराची भिंत केसांच्या कडेपासून खाली वाढते, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. वरचं शिंग टोकाशी पोचायला ९ ते १२ महिने लागतात. म्हणून भिंतीवर वर्षभराचा हिशेब वाचता येतो. चारा बदलला, ताप आला, की आडवं वळं उमटतं. वळी टाचेकडे रुंद आणि टोकाकडे दाटलेली असतील, तर त्या पायाला पूर्वी सूज येऊन गेली असं समजावं. केसांच्या कडेखालची बोटभर वाढ कोणत्या कोनात उतरते तेही बघायचं. तीच रेघ जमिनीपर्यंत सरळ गेली तर उत्तम. मध्येच बाहेर फाकली असेल, तर तिथून खाली भिंत आतल्या बांधणीपासून ओढली गेली आहे.

आता पाय उचलून आकडीने टाचेकडून टोकाकडे माती काढायची. मधला त्रिकोणी, रबरासारखा भाग म्हणजे फ्रॉग. तो रुंद आणि घट्ट हवा. माझ्या घोडीच्या फ्रॉगच्या मधोमध पहिल्या वर्षी चीर होती, आकडीचं टोक आत जाईल इतकी खोल, आणि काढलेल्या काळ्या लगद्याला कुजका वास. काळ्या मातीच्या चिखलात पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या घोड्यांना हे हमखास होतं. ती तेव्हा टाच चोरून चालायची, त्याचं कारण तेच होतं. रोजची सफाई आणि मुरूम टाकलेली कोरडी जागा, यावर ती चीर भरत आली.

सगळ्यात जपायचा तो तळवा. कानस तळव्यावर आडवी ठेवून, फ्रॉगच्या टोकाशेजारच्या खाचेत आकडी उभी धरून खोली मोजावी. १५ ते २० मिलिमीटर असेल तर तळवा बऱ्यापैकी जाड आहे. १० च्या आत असेल, किंवा अंगठ्याने दाबल्यावर तळवा लवत असेल, तर तिथे चाकू लावायचाच नाही. मी सुरुवातीला ही चूक केली आहे. खोलगट वाटी छान दिसते म्हणून तळवा कोरला, आणि तीन आठवडे घोडी खडीवर निखाऱ्यांवरून चालावं तशी चालली. वाटी चाकूने होत नाही. आतलं हाड भिंतीला घट्ट बांधलेलं असलं की ती आपोआप होते.

मग काढायचं काय? खडूसारखं भुरभुरतं ते मेलेलं, ते निघू द्यावं. पात्याखाली मेणासारखं चिवट लागलं की तिथेच थांबावं. टाचेपासून सुरुवात करावी: टाचेची भिंत तळव्याच्या किंचित वर राहील इतकी खाली आणायची, दोन्ही बाजू सारख्या. नंतर पुढची वाढलेली कड निपरने किंवा कानशीने तळव्याच्या पातळीला आणायची. तळवा आणि भिंत यांच्या मधली रेघ, जिला पांढरी म्हणतात पण जी खरं तर पिवळसर असते, ती ताणलेली दिसली तर टोक पुढे पळालंय. तेवढी भिंत समोरून, खालच्या तिसऱ्या भागात, घासावी. शेवटी बाहेरची धार गोल करायची, म्हणजे दगडावर आपटून तिचे टवके उडत नाहीत. फ्रॉगच्या फक्त लोंबणाऱ्या चिंध्या कापाव्यात. चैत्र-वैशाखात खूर दगडासारखा होतो, तेव्हा आधी अर्धा तास ओल्या जागी उभं करावं. पावसात उलट कानस लोण्यातून जावी तशी जाते, आणि हात आवरला नाही तर जास्त निघतं.

हे सगळं आपण जमिनीचं राहिलेलं काम म्हणून करतो. भीमा-नीरेच्या खोऱ्यात धनगरांच्या वाड्याबरोबर मैलोन्‌मैल चालणाऱ्या भीमथडी तट्टांचे खूर माळच झिजवतो. ग्रीक लेखक झेनोफनने इ.स.पू. चौथ्या शतकात, ग्रीसमध्ये खिळ्यांचे नाल नव्हते तेव्हा, हेच ओळखलं होतं. तबेल्याबाहेर मुठीत मावतील असे गोटे चार-पाच गाड्या पसरा, म्हणजे खरारा चालू असतानाही खूर घट्ट होतील, असा त्याचा सल्ला आहे. तबेल्यात दिवस काढणाऱ्या घोड्याला तेवढी झीज मिळत नाही.

चारी पाय झाले की दादा घोडीला पुन्हा फरशीवरून आणतात, नंतर मुरमाच्या वाटेवरून. पावलं मघाइतकीच लांब पडतायत ना, टाच आधी टेकतेय ना, एवढंच मी बघतो. पाऊल आखडलं असेल तर वहीत त्या पायापुढे लिहून ठेवतो: पुढच्या वेळी कमी.