दोन पुत्रांची नावे

गुड फ्रायडेला ख्रिस्ती बांधव येशूच्या अखेरच्या वाटचालीचे स्मरण करतात. त्या कथेत एक वाटसरू क्षणभर येतो आणि दिसेनासा होतो. वल्हांडणाचा सण होता; जेरुसलेम यात्रेकरूंनी गजबजले होते. आजच्या लिबियातील कुरेने नगराचा शिमोन शिवारातून शहराकडे येत होता. रोमन शिपायांनी त्यास वेठीस धरले आणि येशूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला.

येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मार्काचे सर्वांत प्राचीन, सुमारे इसवी सन ७० चे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हा शिमोन आलेक्सांद्र व रूफ यांचा पिता, असे मार्क आवर्जून सांगतो. वास्तविक या पुत्रांचा कथेशी काहीच संबंध नाही. मग त्यांची नावे कशासाठी? एरवी पुत्राची ओळख पित्यावरून होते. येथे पित्याची ओळख पुत्रांवरून दिली आहे. मार्काचे पहिले श्रोते त्या दोघांना जाणत असावेत, हाच त्याचा सरळ अर्थ.

मत्तय आणि लूक यांनी मागाहून हाच प्रसंग लिहिला. त्यांत शिमोन राहिला, पुत्रांची नावे मात्र गळाली. त्यांच्या वाचकांना ती कदाचित अनोळखी झाली होती.

अशी नावे म्हणजे प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीच्या खुणा होत, असे प्रतिपादन रिचर्ड बॉकम या विद्वानाने २००६ साली केले. सर्वांना ते मान्य नाही, आणि सावधगिरी योग्यच आहे. येशूसमवेत क्रूसावर चढविलेल्या दोघा चोरांना शुभवर्तमानांत नावे नाहीत. उत्तरकालीन ग्रंथांनी ती दिली. केवळ नाव म्हणजे पुरावा नव्हे. परंतु कथेला ज्याची गरज नाही असे नाव जेव्हा जपले जाते, तेव्हा त्यामागे कोणी ओळखीचे माणूस असण्याचा संभव अधिक.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी हिरापोलिसचा धर्माध्यक्ष पापियास यास ग्रंथांपेक्षा जिवंत वाणी अधिक मोलाची वाटे. थोरांचा सहवास लाभलेले कोणी भेटले की तो त्यांना त्यांची वचने विचारी. आपल्याकडेही म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनी अनुभवल्या त्यांच्याकडूनच विचारून घेतल्या. श्रद्धेला साक्षीचे वावडे नसते.

शिमोनाने क्रूस स्वेच्छेने उचलला नव्हता. त्या दिवसाविषयी घरी तो काय बोलला, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण त्याचे पुत्र येशूच्या भक्तमंडळीत परिचित झाले असतील, तर वेठीने खांद्यावर आलेले ते ओझे त्या घरात आठवण होऊन राहिले, असेच म्हणावे लागेल.