पाणवठा अलीकडे, जंगल पलीकडे

एप्रिल सरत आला की पेंचच्या जंगलातला साग पार उघडाबोडका होतो. नाले आटतात आणि उरलेल्या पाण्याभोवती जनावरांची वर्दळ वाढते. चितळाला, गव्याला रोज पाणी लागते. वाघ तर पाण्यातच ठाण मांडतो, तेही पाठमोरा शिरून: आधी मागचे पाय, मग हळूहळू बूड, तोंड शेवटपर्यंत कोरडे. रानकुत्र्यांचा कळप शिकार फस्त केली की पाणी गाठतो. वाघ आणि रानकुत्रा दोघेही जागतिक यादीत संकटग्रस्त आहेत. वयात आलेले रानकुत्रे तर जगभरात अडीच हजारांच्या आत उरले असावेत, असा अंदाज आहे. वाघाच्या कौतुकाचा शतांशही या प्राण्याच्या वाट्याला येत नाही.

तोतलाडोहच्या धरणाने पेंच नदीच्या खोऱ्यातले जंगल बुडवले, पण बारमाही पाणीही दिले. उन्हाळ्यात जलाशय मागे सरकतो, ओल्या काठावर कोवळे गवत फुटते आणि चितळांचे कळप तिकडे लोटतात. जलाशयापासून लांबच्या भागात मात्र भिस्त वनखात्याच्या बशीसारख्या सिमेंटच्या पाणवठ्यांवर, टँकरवर आणि सोलर पंपांवर.

आणि याच जंगलातून जातो राष्ट्रीय महामार्ग ४४.

नागपूरहून जबलपूरकडे जाणारा हा रस्ता चौपदरी करायचे ठरले तेव्हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. त्यातून निघालेला तोडगा देशात नवा होता: महाराष्ट्राच्या हद्दीतल्या १६.१ किलोमीटरच्या पट्ट्यात प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ वाटा. सर्वांत अरुंद वाट ५० मीटरची, सर्वांत रुंद ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात वन्यप्राण्यांची ५,४५० छायाचित्रे मिळाली, १८ जातींची. त्यांत वाघ ८९ वेळा दिसला; वाघ होते ११. वरून ट्रक धडधडत असताना खालून वाघ जातो, हे आधी कुणी सांगितले असते तर अनेकांनी हसण्यावारी नेले असते.

या नऊपैकी काही वाटा मुळात नाल्यांवरचे पूल आहेत, हे विशेष. नाल्याच्या काठाला सावली असते, पात्रात वाळू असते, आणि जनावरे पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाटेने चालत आलेली असतात. इंजिनिअरने पुलाचा गाळा जरा ऐसपैस ठेवला की अर्धे काम तिथेच होते.

सगळीकडे अशी सोय नाही. बोरच्या जंगलातला ‘बाजीराव’ हा नामांकित वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर–अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मेला.

रस्त्यावरच्या अशा मृत्यूंबाबत पाणवठ्याची जागा हा मुद्दा फार कमी चर्चिला जातो. रस्त्यासाठी मुरूम काढलेल्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साठते आणि जनावरे थेट डांबराच्या कडेशी येतात. वनखात्याचा पाणवठा रस्त्याच्या एकाच अंगाला असला, तर मे महिन्यात पलीकडच्या सांबराला रस्ता ओलांडण्यावाचून गत्यंतर नसते. असे पाणवठे दोन्ही अंगांना, रस्त्यापासून आत हवेत. शिवाय ते दूरदूर विखुरलेलेही हवेत, कारण मोजक्या पाण्यावर गर्दी झाली की रोग पसरतो आणि पाण्यात विष कालवणाऱ्या शिकाऱ्यांचेही फावते.

मात्र आईपासून वेगळा झालेला तरुण वाघ पेंचमधून पूर्वेला कान्ह्याच्या दिशेने निघतो तो स्वतःची हद्द शोधायला. त्याला अलीकडे मुबलक पाणी असले तरी महामार्ग ओलांडावाच लागतो.