तेरचे कापड आणि मिसरचे वाळवंट

मिसर देश पाहावयाचा असेल तर आधी तेरला जाऊन या, असे कोणी सहलीच्या कचेरीत जाऊन सांगितले तर तेथला माणूस त्याच्या तोंडाकडे पाहतच राहील. त्याच्याजवळच्या रंगीत पत्रकात कैरो असते, गीझाचे पिरॅमिड असतात, नाईल नदीतला तीन रात्रींचा बोटीचा प्रवास असतो, उंटावर बसून काढावयाचा फोटोही असतो. तेर नसते. परंतु निदान सोलापूरच्या माणसाने तरी ही वाट घराच्या उंबरठ्यापासून धरावी असे मला वाटते, आणि का वाटते ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

सोलापूरहून धाराशिव आणि तेथून तेरणेच्या काठचे तेर. सकाळी निघालेला माणूस रात्री घरी जेवायला परत येतो. तेर आपल्याला ठाऊक असते ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून. चिखल तुडवता तुडवता विठ्ठलनामात ज्याचे देहभान हरपले त्या कुंभाराची समाधी येथे आहे. आपली मंडळी समाधीचे दर्शन घेतात, झाडाखाली डबा सोडतात आणि परतीची गाडी पकडतात. गावाभोवतीच्या उंचवट्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. वास्तविक त्या पांढरीखाली एक मोठे शहर झोपलेले आहे. त्याचे नाव तगर.

या तगराची ओळख आपल्याला करून दिली ती मिसरमधल्या एका माणसाने. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तेथे राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक वही लिहून ठेवली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. कोणत्या बंदरात खडक आहेत, कोठे काय विकते, कोणत्या राजाला कोणता नजराणा चालतो, असा तिचा रोकडा मजकूर. दक्षिणापथातल्या दोन पेठा तो मुद्दाम सांगतो. पहिली पैठण, भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणच्या पुढे आणखी दहा दिवसांवर. पैठणहून अकीकाचे दगड येतात. तगराहून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. हा सारा माल बैलगाड्यांवर लादून, जेथे धड रस्ताही नाही अशा मुलखातून भडोचला उतरतो, असे तो लिहितो. जाड्याभरड्या कापडाचा हा उल्लेख वाचून सोलापूरकराला आपल्या चादरीची आठवण झाली नाही तरच नवल!

हे तगर कोणते, यावर विद्वानांनी पुष्कळ वर्षे खल केला. कोणी देवगिरीकडे बोट दाखवले, कोणी जुन्नरकडे, कोणी धारूरकडे. १९०१ साली फ्लीटसाहेबांनी तेर हेच तगर असे साधार मांडले, आणि तेव्हापासून तो वाद बहुतेक मिटला. कोकणचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, ते याच गावाच्या अभिमानाने. पुढे १९५८ साली चापेकरांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. गावातले त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ पाहा: मागची बाजू गोलाकार, वरचे छत घोड्याच्या नालासारखे. मुळात हे बौद्धांचे चैत्यगृह होते असे बहुतेक अभ्यासक मानतात. आज तेथे विष्णू उभा आहे आणि पूजा चालू आहे.

तथापि तेरचे खरे धन आहे ते संग्रहालयात, आणि ते जमवले एका गावकऱ्याने. रामलिंगप्पा लामतुरे हे काही पदवीधर संशोधक नव्हते. गावातले लोक घरे लिंपायला, माळवदावर टाकायला पांढरीची माती खणून नेत; पावसाळ्यात ओघळीतून मणी, शंखाच्या बांगड्या, मातीची खेळणी उघडी पडत. पोरे ती गोट्यांसारखी खेळत. लामतुऱ्यांनी या वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या, सांभाळल्या. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह आज त्यांच्याच नावाच्या सरकारी संग्रहालयात आहे. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. हिचीच बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ साली इटलीत, ज्वालामुखीने सन ७९ मध्ये गाडलेल्या पॉम्पेई शहरात सापडली. ती भारतातूनच तिकडे गेली, आणि त्या काळी इकडचा माल रोमकडे जाण्याचा हमरस्ता म्हणजे मिसर. लामतुऱ्यांच्या हाती न लागता जे मातीबरोबर भिंतींत लिंपले गेले, त्याचा हिशेब आता कोण देणार?

परंतु या साऱ्या वस्तूंत एक गोष्ट मिळणार नाही, आणि ती म्हणजे ज्यासाठी तगर प्रसिद्ध होते ते कापड. आपली काळी माती, आपला पाऊस, यांत सुती कापडाचा दोन हजार वर्षे निभाव लागत नाही. ते शोधावयाचे तर जेथे पाऊस ठाऊकच नाही असा मुलूख हवा.

तांबड्या समुद्राच्या मिसरी किनाऱ्यावर, सुएझपासून खूप दक्षिणेला, बेरेनिके नावाचे उजाड बंदर आहे. दुसऱ्या टॉलेमी राजाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ते वसवले आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले. जुलैत येथून गलबते सुटत, नैर्ऋत्येचे वारे पकडून भडोच किंवा मलबार गाठत, आणि आपली दिवाळी उलटून ईशान्येचे वारे सुरू झाले की माल भरून परतत. जाताना द्राक्षाची दारू, तांबे, कथील, पोवळी, काच. येताना मिरी, कापड, रत्ने. १९९४ पासून तेथे उत्खनन चालू आहे. देवळाच्या आवारात पुरलेल्या एका भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी तशीच्या तशी मिळाली. जहाजांचे सागवानी लाकूड मिळाले. २०२२ साली तर संगमरवराची बुद्धमूर्ती निघाली, आणि त्याच मंदिरात एक संस्कृत लेख आणि सातवाहनांची नाणीही!

आणि कापड मिळाले. चिंध्याच म्हणा, पण रंग न उडालेल्या चिंध्या. त्या भारताच्याच हे कशावरून ठरवले, ते मोठे मौजेचे आहे. मांडीवर समईची वात वळताना हात पुढे नेला की सुताला एक पीळ बसतो आणि मागे ओढला की त्याच्या उलट. मिसरचे लोक हजारो वर्षे जवसाच्या झाडाचे सूत काढत. त्या धाग्याचा कल ज्या बाजूला, त्याच बाजूला ते पीळ देत, म्हणजे इंग्रजी एस अक्षराच्या मधल्या रेघेसारखा. आपल्याकडचे कातणारे कापसाला उलटा, झेडच्या रेघेसारखा पीळ देत. बेरेनिकेच्या सुती तुकड्यांत असा झेड पिळाचा माल पुष्कळ आहे. शिडाच्या कापडाचे तुकडेसुद्धा त्यात आहेत. त्यातला अमुक तुकडा तगराचा असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. बराचसा माल गुजराथेतलाही असेल. परंतु कोणा एका बाईच्या बोटांची लकब दोन हजार वर्षांनी, समुद्रापलीकडच्या वाळूत ओळखू यावी, याचे मला पिरॅमिडपेक्षाही अधिक आश्चर्य वाटते.

येथे एक लाडका गैरसमज दूर केलेला बरा. फॅरोंच्या ममी भारतीय मलमलीत गुंडाळलेल्या असत, असे आपल्याकडे व्याख्यानांतून अभिमानाने सांगतात. ते खरे नाही. ममीवरच्या पट्ट्या जवसाच्या कापडाच्या. ज्यांना खात्री करून घ्यावयाची असेल त्यांना कैरोपर्यंतही जावयास नको. एक खरी ममी सोलापूरहून एका रात्रीच्या अंतरावर, हैदराबादच्या सरकारी संग्रहालयात आहे. आपले कापड मिसरला पोचले ते फॅरो संपल्यावर, आणि कालमानाचा हिशेब असा की तगराच्या गाड्या भडोचला जात होत्या तेव्हा खुफूचा मोठा पिरॅमिड सव्वीसशे वर्षांचा झाला होता. तगर आज आपल्याला जितके जुने, त्याहून पिरॅमिड तगराला अधिक जुना!

बेरेनिकेहून माल उंटांवर चढे. नाईलकाठचे कॉप्टॉस सुमारे ३८० किलोमीटर दूर. वाट बारा दिवसांची. उन्हामुळे तांडे रात्री चालत आणि दिवसा विहिरींच्या ठाण्यांवर पडून राहत. ठाण्यांना तटबंदी, कारण लुटारूंचे भय. हे पूर्वेकडचे वाळवंट सिनेमातल्यासारखे नुसत्या वाळूच्या लाटांचे नाही. काळ्या-तांबड्या उघड्याबोडक्या डोंगरांच्या रांगा, मधून कोरड्या नद्यांची पात्रे. उन्हाळ्यात करमाळ्या-मंगळवेढ्याकडचा माळ पाहिलेल्या माणसाला तो रंग अगदीच परका वाटू नये. तरी आपल्या माळावर मृगात हिरवळ येते, तेथे ती आशाच नाही. कॉप्टॉसहून होड्यांनी अलेक्झांड्रिया, तेथे मालाच्या चौथ्या हिश्शाएवढी सरकारी जकात, आणि मग रोम. रोमचा पैसा असा दरसाल पूर्वेकडे वाहून जातो म्हणून प्लिनीने त्या काळी त्रागा केला आहे.

कॉप्टॉसचे आजचे नाव किफ्त. लक्सरपासून ते चाळीसेक किलोमीटरवर आहे, आणि लक्सरला तर प्रत्येक सहल जातेच: कर्नाकचे ते स्तंभांचे अरण्य, राजांच्या दरीतली थडगी. पुढे अस्वान आणि अबू सिंबेल. अबू सिंबेलला पोचल्यावर रामसेसच्या चार बैठ्या मूर्तींकडे माना वर करून सारे पाहतात, पण हे अख्खे देऊळ १९६४ ते १९६८ या काळात करवतीने कापून ६५ मीटर वर आणून बसवले आहे, हे वाटाड्याने सांगितल्यावाचून कळत नाही. अस्वानच्या धरणात ते बुडाले असते. त्या मोहिमेच्या वेळी आपल्या पुरातत्त्व खात्याचे बी. बी. लाल १९६१-६२ साली नुबियात उत्खनन करून आले. आणि आपल्या उजनीत? पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ पाण्याखाली गेले ते गेले. दुष्काळात भीमेचे पाणी आटले की शिखर वर येते आणि लोक होडीत बसून ते पाहायला जातात. सर्व जगाने वर्गणी काढावी असे ते देऊळ नव्हते हे मान्य. पण अबू सिंबेलसमोर उभ्या राहिलेल्या सोलापूरकराला ते आठवल्यावाचून राहत नाही.

कैरोत गीझाजवळ २०२५ च्या नोव्हेंबरात नवे प्रचंड संग्रहालय उघडले असून तुतनखामेनच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू तेथे आहेत. त्याला एक पूर्ण दिवस ठेवा; अर्ध्या दिवसात उरकण्याचा सहलीवाल्यांचा आग्रह मानू नका. त्यातल्या कपड्यांच्या कपाटांपाशी घरच्या बायकांना घाई करू नये. पिळाकडे जरा निरखून पाहावे, तो मिसरी पीळ.

बेरेनिके सहलीत नसते. पण लक्सरला वाटाड्याला विनवून किफ्तचा फाटा तेवढा मागावा. मीन देवाच्या मंदिराचे काही पडके अवशेष आणि एक साधेसे बाजारगाव, एवढेच तेथे दिसते. थंडीचे दिवस या प्रवासाला चांगले, आणि तेरलाही तेच चांगले. तेरला जाताना डबा बरोबर घ्या, समाधीचे दर्शन आधी उरका आणि संग्रहालयासाठी दोन तास राखून ठेवा.