डीपीच्या पोटातली धातूची काच

पोलादाहून मजबूत ‘धातूची काच’ आता मोबाइलचं रूप पालटणार, अशी बातमी दर काही वर्षांनी येते. ‘ती पारदर्शक असते का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. नाही, दिसायला तो चकचकीत धातूच. काच म्हणायचं ते आतल्या अणूंच्या विस्कळीत मांडणीमुळे.

1960 साली कॅलटेकमध्ये पोल दुवे आणि सहकाऱ्यांनी वितळलेल्या सोने-सिलिकॉनचा थेंब तांब्याच्या पृष्ठभागावर जोरात आपटला. तो सेकंदाला सुमारे दहा लाख अंश वेगाने निवला. प्रार्थनेच्या रांगा लागायच्या आत कुणी ‘स्टॅच्यू’ म्हणावं, तसे अणू जागच्या जागी थिजले.

हार्वर्डच्या डेव्हिड टर्नबुल यांचं नाव मात्र या बातम्यांत क्वचितच दिसतं, याची मला खंत वाटते. धातूचा रस गोठणबिंदूच्या बराच खाली जाऊनही द्रव राहू शकतो, हे त्यांनी दुवेंच्या आधीच दाखवलं होतं. पुढे 1984 मध्ये त्यांच्या गटाने पॅलॅडियम-निकेल-फॉस्फरसचा रस वितळलेल्या बोरॉन ऑक्साइडने स्वच्छ केला. स्फटिकाचं बीज ठरणारी घाणच गेली आणि सेंटिमीटरभर जाडीची काच सावकाश निवूनही तयार झाली. आपले सोनार मुशीत टाकणखार टाकतात, तो याच बोरॉनच्या कुळातला!

ही काच सुमारे दोन टक्के ताणूनही मूळ आकारात परत येते. पोलाद इतकं सोसत नाही. पण मर्यादा ओलांडली की बहुधा वाकण्याऐवजी एका पातळ पट्ट्यात घसरून एकदम तुटते. ‘अभेद्य’ मोबाइलच्या बातम्या हे सांगत नाहीत.

खरं काम करते ती लोह-सिलिकॉन-बोरॉनच्या काचेची फीत. वेगाने फिरणाऱ्या थंड चाकावर रस सोडून ती काढतात. जाडी जेमतेम 25 मायक्रॉन. ती ट्रान्सफॉर्मरच्या, म्हणजे गावातल्या डीपीच्या, गाभ्यात वापरतात. तिथे चुंबकत्वाची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते. या फितीत तिला अडवायला स्फटिकांच्या सीमाच नसतात. शिवाय फितीचा विद्युतरोध जास्त आणि जाडी कमी, म्हणून गाभ्यात वीज वाया घालवणारे भोवरी प्रवाहही क्षीण. नेहमीच्या सिलिकॉन-पोलादाऐवजी ती वापरली, तर गाभ्यातला वीजऱ्हास सुमारे 70 टक्क्यांनी घटतो. गावात सगळे दिवे मालवलेले असले तरी हा ऱ्हास चालूच असतो, वर्षाचे 8,760 तास. सिलिकॉन-पोलादाइतकं चुंबकत्व तिच्यात मावत नाही, म्हणून गाभा मोठा करावा लागतो आणि डीपी महागतो. तरीही डीपी घेताना पहिल्या किमतीइतकाच या तासांचाही हिशेब मांडायला हवा.