अर्धवट फाटलेल्या खांद्याचं रफू

शस्त्रक्रियेच्या टेबलावर पन्नाशीतले रंगारी आहेत. आयुष्य छतं रंगवण्यात गेलं. आता हात वर नेला की कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. औषधं झाली, काही महिने व्यायाम झाला. एमआरआयने सांगितलं, सुप्रास्पायनॅटसची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, अर्धवट फाटली आहे.

परवानगी घेऊन मी कोपऱ्यात उभा आहे. खांद्याच्या मागे बोटाच्या नखाएवढी चीर, तिच्यातून 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण. सांध्यात सलाइन भरलेलं आहे. पडद्यावर दंडाच्या हाडाचा गुळगुळीत पांढरा गोळा दिसतो आणि त्याच्या कडेला पीळ उसवलेल्या सुतळीसारखे धागे. डॉक्टर ते साफ करतात, तेव्हा खालचं हाड उघडं पडतं. टोकाला वाकवलेल्या सळीने ते मोजतात: 7 मिलिमीटर. कंडरेची हाडावरची पकड साधारण 12 मिलिमीटर रुंद असते. निम्म्याहून कमी सुटली असती तर साफसफाईवर भागलं असतं. इथे शिवायला हवं.

पण फाट खालून आहे, वरून कंडरा धडधाकट दिसते. म्हणून बाहेरून सुई टोचून तिच्यातून निळा दोरा फाटीत सोडतात. मग दुर्बीण कंडरेच्या वरच्या पोकळीत नेऊन तोच दोरा शोधायचा. तो सापडला की खालच्या फाटीचा पत्ता लागला.

आता खरा प्रश्न. उरलेला पदर कापून सगळंच नव्याने शिवायचं, की तो राखून रफू करायचं? तुलनात्मक अभ्यासांत दोन्हींचे निकाल जवळपास सारखेच आले आहेत. इथला पदर जाड आहे. डॉक्टर तो राखतात. त्याच्यातूनच स्क्रूसारखी खुंटी हाडात बसते. तिचे दोरे एकेक करून कंडरेतून ओवायचे. चुकीचं टोक ओढलं तर दोरा खुंटीतून निसटतो, म्हणून प्रत्येक ओढीआधी डॉक्टर थांबून पडदा पाहतात. गाठ बाहेर मारून आत सरकवतात. फाटलेली कडा हाडाला टेकते.

संध्याकाळी डॉक्टर रंगारीकाकांना सांगतात, "काका, दोरा फक्त धरून ठेवतो. जुळायचं काम शरीराचं." सहा आठवडे हात झोळीत, तीन महिन्यांनी ताकदीचे व्यायाम. छताला ब्रश लागेल तो सहा महिन्यांनी. त्याआधी घाई केली तर शिवण उसवू शकते.