थेरपिस्ट सल्ला का देत नाहीत?

‘थेरपिस्ट नुसते प्रश्न विचारतात, उपाय सांगत नाहीत,’ अशी नातेवाइकांची तक्रार असते. पण प्रश्न विचारणे हाच या उपचाराचा भाग आहे. डॉ. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या ‘सीबीटी’ पद्धतीत ‘मी घरच्यांना ओझं झालोय’ यासारखा विचार थेट खोडून काढत नाहीत. त्याला पुरावा काय, दुसरी शक्यता कोणती, हे रुग्णालाच तपासायला शिकवतात. घरी वहीत नोंदीही ठेवायच्या असतात. साधारण ६ ते २० भेटी लागतात.

‘आज काय बोलणं झालं?’ असे रुग्णाला खोदून विचारू नका. ते गोपनीय असते. जिवाला धोका दिसला, तर मात्र थेरपिस्ट घरच्यांना विश्वासात घेतात. आत्महत्येचे विचार येत असतील, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर लगेच फोन करा.