जुना रिसीव्हर भंगारात देऊ नका!

समजा, मिरचीचे पैसे हातात आले आणि घरी नवा फोर-के टीव्ही आला. पातळ टीव्हीचा आवाजही पातळच! धर्माबादेत तेलुगू सिनेमा असा बघायचा म्हणजे मिरचीविना ठेचा. मग तुम्ही साउंडबारच्या किमती बघायला लागता. जरा थांबा. पप्पांचा जुना रिसीव्हर माळ्यावर आहे ना? खाली काढा, धूळ पुसा.

सूत्र एकच: चित्र थेट टीव्हीला, आवाज टीव्हीतून रिसीव्हरला. जुन्या रिसीव्हरमधून फोर-के चित्र बहुतेक वेळा पुढे जातच नाही. म्हणून सेट-टॉप बॉक्स टीव्हीलाच जोडा.

आता रिसीव्हरची मागची बाजू बघा. एचडीएमआयच्या खाचेवर ‘एआरसी’ लिहिलंय? मग टीव्हीच्याही ‘एआरसी’ खाचेतून एकच केबल पुरे. ही सोय २००९ मध्ये आली. त्याआधीचा सेट असेल तर ‘ऑप्टिकल’ खाच शोधा. ती १९८३ पासूनची. नुसती लाल-पांढरी भोकं असतील, तर मध्ये डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर लावा.

जोडलं, तरी आवाज नाही? ऑप्टिकल केबलच्या टोकावरची प्लास्टिकची टोपी काढलीय का बघा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’ करा. रिसीव्हर ५.१ चा असेल, तर ‘डॉल्बी डिजिटल’ निवडा. नाहीतर मागचे स्पीकर गप्पच राहतील.

ॲटमॉस मिळणार नाही, हे खरं. पण एका केबलच्या खर्चात घर दणाणतंय. साउंडबारचे पैसे पुढच्या सेमिस्टरच्या फीला ठेवा.